वर्गातला नकाशा

दिवाळी अंकात मास्तराने नकाशा उघडून बसावे, हे वाचकांना फारसे रुचणार नाही ह्याची मला कल्पना आहे. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक धरणाऱ्याला कथा हवी असते. निदान काहीतरी खुसखुशीत. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीच्या दुकानात मला एक जुना इंग्रजी ॲटलास सापडला, पहिल्या महायुद्धाच्या आधी छापलेला, आणि तेव्हापासून एकच देश माझ्या डोक्यात घोळतो आहे. त्या ॲटलासात युरोपच्या ऐन पोटात ऑस्ट्रिया-हंगेरी असे भलेमोठे साम्राज्य पसरलेले आहे, आणि त्याचा पूर्वेकडचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे हंगेरी. माझ्या मुलीच्या शाळेच्या ॲटलासात मात्र तोच देश तिच्या अंगठ्याखाली झाकला गेला. "बाबा, बाकीचा देश कुठे गेला?" असे तिने विचारले.

माझा विषय मराठी; इतिहासाशी माझा संबंध शेजारधर्मापुरता. तरी मुलीला उत्तर द्यायचे म्हणून चार ग्रंथ चाळले. गंमत अशी की, भूगोलाचा म्हणून जो प्रश्न सुरू झाला तो मला पुन्हा पुन्हा शाळेच्या दाराशी नेऊन सोडू लागला. म्हणून ह्या सदरात आज हंगेरी.

प्रथम आकडे सांगून टाकतो. क्रोएशिया धरून जुन्या हंगेरीचे क्षेत्रफळ सुमारे ३,२५,००० चौरस किलोमीटर होते. ४ जून १९२० रोजी व्हर्सायच्या बागेतल्या त्रियानों नावाच्या राजवाड्यात तहावर सह्या झाल्या आणि सुमारे ९३,००० उरले. आपल्या मापात सांगायचे तर महाराष्ट्राहून थोडा मोठा असलेला देश विदर्भाहूनही थोडा लहान झाला. दोन कोटी नऊ लाखांच्या लोकसंख्येतून ७६ लाख माणसे देशात राहिली. एकट्या रुमानियाला जेवढी जमीन मिळाली, ती उरलेल्या हंगेरीपेक्षा अधिक होती. ज्यांची मातृभाषा मग्यार, म्हणजे हंगेरियन, अशी बत्तीस लाखांच्या आसपास माणसे आपापल्या घरी बसल्या जागी परदेशात गेली. ना त्यांनी सामान बांधले, ना गाव सोडले.

एवढे ऐकून कोणाचेही मन कळवळेल. माझेही कळवळले. परंतु त्याच जुन्या राज्याच्या १९१० सालच्या शिरगणतीचे कोष्टक पाहिले की प्रकरण इतके सरळ राहत नाही. क्रोएशिया वगळला तरी मग्यार मातृभाषा सांगणारे शेकडा ५४च होते. बाकीचे रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब, रुथेनियन. म्हणजे घरात जवळजवळ निम्मी माणसे दुसरी भाषा बोलणारी, आणि घराचा कारभार मात्र एकाच भाषेत. १८६८ साली ह्या इतर भाषांना शाळेत आणि कचेरीत जागा देणारा एक बराच उदार कायदा झाला होता. तो कागदावर राहिला. १९०७ साली आलेला कायदा मात्र अगदी मन लावून अमलात आणला गेला.

ह्या कायद्याला त्याच्या कर्त्याच्या नावाने ओळखतात. काउंट आल्बेर्ट आपोन्यी तेव्हा शिक्षणमंत्री होते. मोठे विद्वान, अनेक भाषांचे जाणकार, वक्ते तर असे की सभागृह डोलावे. त्यांनी ठरविले की ज्या धार्मिक वा गावच्या शाळांना शिक्षकांच्या पगारासाठी सरकारी मदत हवी असेल, त्यांनी मग्यार भाषा सक्तीने शिकवावी. मुलाची मातृभाषा कोणतीही असो, चौथ्या इयत्तेच्या अखेरीस त्याला मग्यारमध्ये आपले म्हणणे तोंडी आणि लेखी मांडता आले पाहिजे. शिक्षकाने राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी. शाळेच्या दारावर हंगेरीचे राजचिन्ह असावे.

चौथीच्या मुलाला परकी भाषा लिहिता-बोलता आली पाहिजे, हा हुकूम कागदावर किती साधा दिसतो! ज्यांनी एकदा तरी खेड्यातला चौथीचा वर्ग पाहिला आहे, त्यांना त्याची किंमत सांगायला नको. ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरातला रुमानियन मेंढपाळाचा मुलगा चार वर्षांत मग्यार तर शिकत नसेच; पण त्या खटाटोपात स्वतःच्या भाषेतले लिहिणे-वाचणेही अर्धवट राहून जाई. त्याच साली ऑक्टोबरमध्ये चेर्नोवा नावाच्या स्लोव्हाक खेड्यात नव्या चर्चच्या अभिषेकावरून तंटा झाला. गावकऱ्यांना आपला पाद्री हवा होता. शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पंधरा माणसे मेली. युरोपभर हंगेरीची अब्रू गेली ती तेव्हापासून.

मग युद्ध आले आणि चार वर्षांनी ते हरले गेले. ऑक्टोबर १९१८ मध्ये माजी पंतप्रधान इश्तवान तिसा ह्यांनी पार्लमेंटात उभे राहून युद्ध हरलो असे सांगून टाकले. पंधरा दिवसांत सैनिकांनी त्यांच्या घरात शिरून त्यांना ठार मारले. त्याच दिवसांत बुडापेस्टच्या रस्त्यांवर ॲस्टरची फुले विकायला आली होती. पितरांच्या थडग्यांवर वाहण्यासाठी दर वर्षी येतात तशी. सैनिकांनी टोपीवरचे बादशाही बिल्ले उपटून फेकले आणि त्या जागी ही फुले खोवली. क्रांतीला नाव मिळाले ते फुलांचेच.

क्रांतीचे पुढारी काउंट मिहाय कारोयी. देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक, आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये स्वतःचीच जमीन कुळांना वाटायला निघालेला माणूस. त्यांचा भरवसा असा की, आपण लोकशाही आणली, शस्त्रे खाली ठेवली, की दोस्त राष्ट्रे आपल्याला न्याय देतील. शेजाऱ्यांनी तोवर थांबायचे कारण नव्हते. १ डिसेंबर १९१८ रोजी ट्रान्सिल्व्हानियातल्या रुमानियनांनी रुमानियात सामील झाल्याचे जाहीर केले. उत्तरेकडून चेक आणि दक्षिणेकडून सर्ब फौजा आत येतच होत्या. मार्च १९१९ मध्ये विक्स नावाच्या एका फ्रेंच लेफ्टनंट कर्नलने कारोयींच्या हाती आणखी मुलूख खाली करण्याचा कागद ठेवला, आणि सरकार कोसळले. कारोयींना भोळे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे म्हणवत नाही. फौज घरी निघालेली, कोळसा नाही, भाकरी नाही, अशा वेळी दुसऱ्या एखाद्या धूर्ताने काय दिवे लावले असते?

त्यानंतरचे १३३ दिवस बेला कुन ह्यांच्या कम्युनिस्ट राजवटीचे. कुन तेव्हा तुरुंगात होते. समाजवादी पुढारी तुरुंगातच गेले आणि तिथे वाटाघाटी करून दोघांनी राज्य हाती घेतले. ज्यांना साम्यवादाचे नाव नको होते, असे कित्येक सेनाधिकारीही ह्या लाल सैन्यात गेले, कारण मुलूख परत घेण्यासाठी लढायला दुसरे कोणी तयारच नव्हते. ते लढलेही, उत्तरेकडे पुष्कळ आत गेले, आणि पॅरिसच्या सांगण्यावरून मागे फिरले. मग रुमानियन फौज बुडापेस्टमध्ये शिरली. ती नोव्हेंबरात निघून गेल्यावर पांढऱ्या घोड्यावर बसून ॲडमिरल मिक्लोश होर्ती आले, आणि लाल दहशतीच्या जागी पांढरी दहशत आली. १९२० मध्ये ते राज्याचे पालक झाले. राजा नसलेले राज्य आणि समुद्र नसलेला ॲडमिरल, असा विनोद तेव्हा युरोपात रूढ झाला. (ह्याच धामधुमीत बुडापेस्टजवळच्या एका गावात एक पाचसहा वर्षांची मुलगी चित्रे काढीत होती. वडील पंजाबी शीख, आई हंगेरियन. १९२१ मध्ये हे कुटुंब हिंदुस्थानात आले. ती मुलगी म्हणजे आपल्या अमृता शेरगिल.)

आता मला ज्या गोष्टीपाशी थांबायचे आहे, तिथे येतो. नव्या राजवटींनी ताब्यात घेतलेल्या मुलखात सरकारी नोकरांना, रेल्वेवाल्यांना, शिक्षकांना सांगितले: आमच्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर चालते व्हा. बारा वर्षांपूर्वी ज्या वर्गात रुमानियन मास्तराला हंगेरीची शपथ घ्यावी लागली होती, तिथे आता मग्यार मास्तराची पाळी आली. हजारोंनी नकार दिला. तहाला अजून सही नाही, उद्या सगळे पूर्ववत होईल, तेव्हा आज शपथ घेऊन देशद्रोही कशाला व्हा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी बायकामुले, गाद्या, भांडी मालगाडीच्या डब्यात भरली आणि ते उरलेल्या हंगेरीकडे निघाले. १९१८ ते १९२४ ह्या काळात सुमारे साडेतीन लाख लोक असे आले.

येऊन राहणार कोठे? बुडापेस्टात घरे नव्हती. मग ज्या डब्यातून आले त्याच डब्यात ते राहिले. स्थानकांच्या बाजूच्या रुळांवर मालडब्यांच्या रांगा आणि प्रत्येक डब्यात एकेक संसार. काल जो शाळेचा मुख्याध्यापक वा कचेरीचा प्रमुख होता, तो आज डब्याच्या दारात उभा. डब्याच्या छतातून शेगडीचा धूर निघे, दोन डब्यांच्या मध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातलेले असत. कोणी काही आठवडे काढले, कोणी काही वर्षे. ह्या लोकांना 'वॅगनवासी' असे नावच पडले. मध्यमवर्ग म्हणजे काय ह्याची व्याख्या आम्ही पुस्तकातून शिकवितो. पण खालची जमीन गेली तरी मुलांना वेळेवर शाळेत धाडणारी, सरकारी शिक्क्याचे कागद ट्रंकेत जपून ठेवणारी ही माणसे वाचली, की आपल्या ओळखीची वाटतात.

इकडे पॅरिसमध्ये शांतता परिषदेपुढे हंगेरीची बाजू मांडायला कोण गेले असेल? आपोन्यीच. वय वर्षे ७३. १६ जानेवारी १९२० रोजी त्यांनी जेत्यांच्या पुढे आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत भाषण केले आणि शेवट इटालियनमध्ये केला. भाषा शिकविणाऱ्या माणसाला ह्या कर्तबगारीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्यांची मागणी न्याय्य होती: ज्या मुलखांचा निवाडा करता, तिथल्या लोकांना मत विचारा. लाखो मग्यार सीमेपलीकडे फेकले जात आहेत, हे सांगणेही खरे होते. परंतु त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले की, हा मुलूख अधिक सुसंस्कृत लोकांच्या हातून कमी संस्कृती असलेल्यांच्या हाती जातो आहे. आणि पुरावा म्हणून साक्षरतेचे आकडे दिले. मग्यारांत इतके साक्षर, रुमानियनांत त्याहून कितीतरी कमी! मला इथे पुस्तक मिटून ठेवावे लागले. ज्या मुलांना त्यांच्या भाषेतून नीट शिकू दिले नाही, त्यांची निरक्षरता त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली जात होती, आणि मांडणारे होते त्यांचेच माजी शिक्षणमंत्री.

भाषण संपल्यावर इंग्लंडचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज ह्यांनी विचारले, हे सीमेपलीकडचे मग्यार सलग वस्तीत राहतात की विखुरलेले? तेव्हा आपोन्यींनी एक नकाशा टेबलावर पसरला आणि पुढारी त्याच्यावर वाकले. हा नकाशा पाल तेलेकी ह्या भूगोलतज्ज्ञाने १९१० च्या शिरगणतीवरून काढलेला. शंभर माणसांना एक चौरस मिलिमीटर रंग, आणि डोंगर, जंगले अशा विरळ वस्तीच्या जागा कोऱ्या. पद्धत शास्त्रशुद्ध, ह्यात वाद नाही. मात्र मग्यारांसाठी निवडला होता झगझगीत तांबडा रंग आणि रुमानियनांसाठी फिका जांभळट. शास्त्र खोटे बोलत नव्हते, रंग थोडे मोठ्याने बोलत होते. तहाच्या अटींत मात्र काही बदल झाला नाही. दोस्तांनी कळविले की, एखादी व्यवस्था हजार वर्षे चालत आली तरी ती न्याय्य ठरत नाही. हे वाक्य हंगेरीला ऐकवताना स्वतःच्या साम्राज्यांकडे त्यांनी पाहिले नाही, हे आपण हिंदी वाचकांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

आणि त्यांनी तरी न्याय कोठे केला? जिथे मिसळलेली वस्ती होती तिथे कोणतीही रेघ कोणाला तरी कापणारच. पण सीमेलगतचे जे सलग मग्यार पट्टे होते, तेही दिले गेले, कारण तिथून आगगाडीचा रस्ता जात होता. नागीवाराद आणि सात्मार ही गावे अशीच रुळांच्या पाठोपाठ रुमानियात गेली. कोमारोम शहर डॅन्यूबच्या दोन्ही तीरांवर वसलेले. उत्तर तीर चेकोस्लोव्हाकियाला, दक्षिण तीर हंगेरीला. शातोराल्याऊयहेय नावाचे एक गाव आहे. (नाव एकदा मोठ्याने वाचून पाहावे, फराळ पचेल.) तिथला रोन्यवा हा ओढा चक्क नौकानयनायोग्य नदी म्हणून सीमा ठरला. गाव ओढ्याच्या अलीकडे राहिले, स्टेशन पलीकडच्या देशात गेले. सगळ्या कहाणीत लोकांना विचारून सीमा ठरली ती शोप्रोन शहरापुरती. डिसेंबर १९२१ मध्ये तिथे मतदान झाले आणि ते ऑस्ट्रियाकडे न जाता हंगेरीत राहिले. विचारता येत होते, ते असे.

सीमेचे आणि भाषेचे भांडण मराठी घराला समजावून सांगावे लागत नाही. तुलनेचा मोह मलाही झाला. पण आपले भांडण एका देशाच्या आतले आहे. तिथे चार वर्षांचे युद्ध, दोन क्रांत्या आणि परकी फौज ह्यांच्यामागून रेघ आली. म्हणून मोह आवरतो.

तहानंतर हंगेरीने शाळांचे काय केले, ते मात्र सांगितलेच पाहिजे, कारण त्यात आदर वाटावा आणि धास्तीही वाटावी असे दोन्ही आहे. गेलेल्या कोलोझ्वारचे विद्यापीठ सेगेदला आणले, पोझोन्यचे पेच्ला. शिक्षणमंत्री क्लेबेल्सबर्ग ह्यांनी माळरानावरच्या विखुरलेल्या वस्त्यांत शाळांचे वर्ग आणि शिक्षकांची घरे मिळून सुमारे ५,००० बांधकामे काही वर्षांत उभी केली. हरलेल्या, कंगाल देशाने! सेगेदच्या त्या निर्वासित विद्यापीठातच आल्बेर्ट सेंट-ग्योर्गी ह्यांनी तिथल्या पाप्रिका मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळविले.

त्याच शाळांत दिवसाच्या आरंभी आणि अखेरीस एक प्रार्थना म्हणवून घेत. देव, मायभूमी आणि हंगेरीचे पुनरुत्थान ह्यांवर श्रद्धा व्यक्त करणारी. भिंतीवर जुन्या हंगेरीचा नकाशा, त्याच्या मध्यात उरलेला देश वेगळ्या रंगात. 'नाही, नाही, कदापि नाही' ही घोषणा पाट्यांवर आणि पोस्टकार्डांवर. सहा वर्षांचे मूल अक्षर गिरवायच्या आधी, काय गेले ते शिके. का गेले, ह्याचा तास वेळापत्रकात नव्हता. चेर्नोवा कोणी शिकविले नाही. विद्यापीठांत निर्वासित विद्यार्थ्यांची गर्दी झाली, जागा अपुऱ्या पडल्या, तेव्हा १९२० मध्येच कायदा करून यहुदी विद्यार्थ्यांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात बांधून टाकली. सीमेपलीकडच्या शत्रूला हात लागत नव्हता. घरातला माणूस हाताशी होता. त्या वेळी पंतप्रधान होते तांबड्या नकाशाचे कर्ते, तेलेकी.

सीमेपलीकडे तरी निराळे चित्र होते म्हणावे, तर तेही नाही. १९२५ च्या रुमानियन कायद्याने मग्यार शाळांत इतिहास आणि भूगोल रुमानियन भाषेतून शिकविण्याची सक्ती झाली. आपोन्यींचे विद्यार्थी चांगले निघाले!

ज्या मुलांनी १९२० साली ती प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, ती १९३८ साली चोविसाच्या घरात होती. हिटलर आणि मुसोलिनी ह्यांच्या कृपेने त्या वर्षी दक्षिण स्लोव्हाकिया परत आला, १९४० मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हानिया, आणि त्याबरोबर दहा लाखांहून अधिक रुमानियनही. होर्ती पुन्हा पांढऱ्या घोड्यावर बसले. उपकाराचे बिल १९४१ च्या वसंतात आले. तेलेकी दुसऱ्यांदा पंतप्रधान होते. चारच महिन्यांपूर्वी त्यांच्या सरकारने युगोस्लाव्हियाशी चिरंतन मैत्रीचा करार केला होता, आणि आता हिटलरला त्याच युगोस्लाव्हियावर स्वारीसाठी वाट हवी होती. बदल्यात गेलेल्या मुलखाचा आणखी एक तुकडा. ३ एप्रिलच्या पहाटे तेलेकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. होर्तींच्या नावे चिठ्ठी होती: आपण शब्द मोडला, आपण नीचांच्या बाजूला गेलो, अशा अर्थाची. आठ दिवसांनी हंगेरियन फौज युगोस्लाव्हियात शिरली आणि तुकडा मिळाला.

१९४४ च्या मे ते जुलैमध्ये ह्या वाढलेल्या हंगेरीतून चार लाख तीस हजारांहून अधिक यहुदी आगगाडीच्या मालडब्यांत भरून धाडले गेले, बहुतेक आउश्वित्सला. १९४७ च्या पॅरिसच्या तहाने सीमा पुन्हा त्रियानोंच्या रेघेवर आली. डॅन्यूबपलीकडची तीन खेडी आणखी गेली.

कम्युनिस्ट राजवटीत ह्या विषयाचे नाव काढायची सोय नव्हती. दबलेली गोष्ट जाते थोडीच! २०१० मध्ये पार्लमेंटाने ४ जून हा राष्ट्रीय ऐक्याचा दिवस ठरविला आणि सीमेपलीकडच्या मग्यारांना नागरिकत्व सुलभ केले. कारोयींचा पुतळा २०१२ मध्ये पार्लमेंटच्या चौकातून उचलून दूर शिओफोकला नेला. आणि तहाच्या शंभराव्या वर्षी, २०२० मध्ये, त्याच चौकासमोर एक स्मारक उघडले. रस्त्यातून खाली जमिनीत उतरत जाणारी शंभर मीटर लांब वाट, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि भिंतींवर जुन्या राज्यातल्या बारा हजारांहून अधिक गावांची नावे. १९१३ च्या ग्रामसूचीतून घेतलेली, सगळी मग्यार भाषेत. लोक तिथे आजीचे गाव शोधतात आणि सापडले की त्यावर बोट ठेवून फोटो काढतात. त्यांतली कित्येक नावे १८९८ च्या एका कायद्याखाली कचेरीत बसून नव्याने बनविलेली होती. त्या गावांत राहणाऱ्या स्लोव्हाक आणि रुमानियन माणसांनी आपल्या गावाला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती.